बिनपगारी कामाचा अनुभव : विलायतेतला एक खटला आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त अभ्यास वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना जसे शब्द आले तसे ते शक्यतो ठेवले आहेत.)



अभ्यास मंडळाने हा विषय ठरवला तेव्हा आमच्याच दोघा-तिघांनी विचारले, की विलायतेतल्या पोरांना बेकारभत्ता मिळतो आणि त्याच्या बदल्यात त्यांना दुकानात फुकट राबावे लागते, याच्याशी आपल्या वस्तीचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. ते कसे हे पुढे येईलच. पण आधी विलायतेतली हकीकत नीट समजून घेऊ. आपल्याकडे त्या देशाबद्दल एक समज पक्का बसला आहे, की तिकडे सरकार लोकांना घरी बसवून खायला घालते. हा समज अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीने माणूस जास्त फसतो.

इंग्लंडमध्ये बेकारांसाठी विम्याची सोय १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने सुरू झाली. तेव्हा ती मोजक्या धंद्यांतल्या कामगारांपुरतीच होती. कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकाने थोडे घालायचे, सरकारने थोडे घालायचे, आणि काम सुटले की काही आठवडे त्यातून पैसे द्यायचे. म्हणजे बघा, ती भीक नव्हती. कामगाराने स्वतः भरलेल्या पैशातलेच त्याला परत मिळत होते. पुढे ही सोय वाढत गेली. १९९६ साली सरकारने या भत्त्याचे नावच बदलले. ‘बेकारभत्ता’ जाऊन ‘काम शोधणाऱ्याचा भत्ता’ आला. नाव बदलले म्हणजे काय झाले? तुमचे काम गेले म्हणून पैसे मिळत होते, ते आता तुम्ही काम शोधता म्हणून मिळू लागले. शोधत नसाल तर बंद. दर पंधरा दिवसांनी ‘जॉबसेंटर’ नावाच्या सरकारी कचेरीत जायचे, सही करायची, कुठे कुठे अर्ज केले ते दाखवायचे. आपल्याकडे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून कार्ड रिन्यू करत कॉलची वाट बघण्यात किती जणांची उमेदीची वर्षे गेली, हे या सभागृहातल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना सांगायला नको. तिथली कचेरी पैसे देते आणि हिशोब मागते. आपली पैसेही देत नव्हती आणि हिशोबही मागत नव्हती, एवढाच फरक.

आता २०११ सालाकडे येऊ. २००८ साली बँका बुडाल्या आणि त्याचा फटका सगळ्यात जास्त तरुणांना बसला. २०११ च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये सोळा ते चोवीस वयाच्या बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. पंचवीस वर्षांखालच्या बेकाराला त्या साली आठवड्याला ५३ पौंड ४५ पेन्स भत्ता होता. आपण त्याचे रुपये करून बघतो आणि ‘बापरे’ म्हणतो. तसे करू नका. तिथली भाकरी तिथल्या पैशातच मोजली पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एकवीस वर्षांवरील कामगाराचे कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला ६ पौंड ८ पेन्स होते. म्हणजे आठवड्याचा सगळा भत्ता हा कामावरच्या माणसाच्या नऊ तासांच्या मजुरीएवढासुद्धा नव्हता.

त्या वेळच्या सरकारने, म्हणजे २०१० साली आलेल्या दोन पक्षांच्या संयुक्त सरकारने, बेकारांना कामाची सवय लागावी म्हणून एकामागून एक योजना काढल्या. एका योजनेत तरुणाने दोन ते आठ आठवडे, आठवड्याला पंचवीस ते तीस तास, एखाद्या दुकानात किंवा कंपनीत ‘कामाचा अनुभव’ घ्यायचा. दुसरीत आधी थोडे प्रशिक्षण, मग बिनपगारी काम, आणि शेवटी नोकरीची मुलाखत मिळेल असे आश्वासन. तिसरीत चार आठवडे, आठवड्याला तीस तास, सक्तीने. चौथी तर सहा महिन्यांची होती. या सगळ्यांत पगार कुठेच नव्हता. भत्ता चालू राहायचा, जाण्यायेण्याचा खर्च मिळायचा, बस्स. आठवड्याला तीस तास धरले तर त्या भत्त्याचे तासाला पावणेदोन पौंड होतात. दुकानदाराच्या खिशातून मात्र काहीच जात नव्हते. आपल्या दुकानात राबणाऱ्याचे पैसे सरकार देते, आणि तेही किमान वेतनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, असा सौदा कोणता व्यापारी नाकारील?

आता त्या मुलीची गोष्ट. केट रायली तिचे नाव. खटला गाजला, तिचे नाव कोर्टाच्या कागदोपत्री आहे, म्हणून आम्ही घेतो. बर्मिंगहॅम विद्यापीठाची भूगर्भशास्त्राची पदवीधर, वय बावीस. नोकरी नाही म्हणून भत्त्यावर होती, पण घरी हात बांधून बसलेली नव्हती. तिला पुढे वस्तुसंग्रहालयात काम करायचे होते, म्हणून ती गावातल्या एका छोट्या संग्रहालयात स्वतःहून, स्वखुशीने, बिनपगारी काम करीत होती. हे लक्षात ठेवा. बिनपगारी कामाला तिचा विरोध नव्हता, ती ते करतच होती. २०११ च्या अखेरीस जॉबसेंटरने तिला सांगितले, की ते संग्रहालय सोड आणि ‘पाउंडलँड’ या दुकानात जा. आपल्याकडे ‘हर माल दहा रुपये’ म्हणत गाडी यायची ना, तसले दुकान. फक्त मोठे, काचेचे, आणि देशभर शेकडो शाखा असलेले. तेव्हा तिथे प्रत्येक वस्तूला एक पौंड पडायचा. तिथे तिने काय केले? फळ्यांवर माल लावला, फरशी पुसली. दोन आठवडे. पुढे नोकरी? नाही.

आणि यातली खरी मेख अशी, की कायद्याने ही योजना ऐच्छिक होती. जायचे की नाही हे तिने ठरवायचे होते. पण तिला सांगण्यात आले, की गेली नाहीस तर भत्ता जाईल. टेबलापलीकडचा माणूस बोलला तोच कायदा, असे तिने मानले. कोणीही मानले असते. आपल्याकडे तहसील कचेरीत, तलाठ्याकडे, वॉर्ड ऑफिसात आपण हेच करत आलो आहोत. कागद काय म्हणतो ते विचारायची आपल्याला सवय नाही, साहेब काय म्हणतो ते ऐकायची आहे.

तिच्याबरोबर दुसरा फिर्यादी होता जेमिसन विल्सन. मेकॅनिक, हातात कसब असलेला माणूस, पण बराच काळ बेकार. तो तरुणांत मोडत नव्हता. त्याला ती चौथी, सहा महिन्यांची योजना लागू केली : आठवड्याला तीस तास, जुने फर्निचर साफ करायचे काम. त्याने सरळ नकार दिला, आणि त्याचा भत्ता काही महिन्यांसाठी बंद झाला. त्या काळात तो कसा जगला असेल याचा विचार आपला आपण करावा.

दोघांनी मिळून सरकारविरुद्ध दावा लावला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, हे सक्तीचे काम आहे आणि युरोपच्या मानवी हक्कांच्या करारातले चौथे कलम सक्तीच्या कामाला बंदी करते. दोन, सरकारने नियम नीट केलेलेच नाहीत. कोणती योजना, काय अटी, नकार दिला तर काय होईल, हे नियमांत लिहिलेले नाही आणि माणसाला नीट कळवलेलेही नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये पहिल्या कोर्टाने सक्तीच्या कामाचा मुद्दा फेटाळला. भत्ता मिळण्यासाठी घातलेल्या अटीला वेठबिगार म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. १२ फेब्रुवारी २०१३ ला अपील कोर्टाने दुसरा मुद्दा उचलून धरला, आणि ज्या नियमांच्या आधारावर या योजना चालल्या होत्या ते नियमच बेकायदा ठरवले. म्हणजे ज्यांचे भत्ते त्या नियमांखाली कापले होते त्यांचे पैसे परत देण्याची पाळी सरकारवर आली. रक्कम थोडीथोडकी नव्हे, सुमारे तेरा कोटी पौंड. सरकारने काय केले? पैसे परत केले? मार्च २०१३ मध्ये घाईघाईने नवा कायदा केला आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला. जे कालपर्यंत बेकायदा होते ते कायदेशीर होतेच, असे मानायचे! लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहात तो एका दिवसात पार पडला. विरोधी बाकांवर बसलेल्या मजूर पक्षानेसुद्धा पक्ष म्हणून विरोधात मत दिले नाही, तटस्थ राहिला. मजूर पक्ष, बरं का. नाव लक्षात ठेवा.

पुढे ३० ऑक्टोबर २०१३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानेही जुने नियम बेकायदा होते हेच सांगितले, आणि माणसाला पुरेशी माहिती दिली नाही हेही सांगितले. सक्तीच्या कामाचा मुद्दा मात्र तिथेही फिर्यादींच्या विरुद्ध गेला. तो मागच्या तारखेचा कायदाही सुखरूप राहिला नाही. ज्यांनी आधीच दाद मागितली होती त्यांच्या न्यायाच्या हक्कावर त्याने घाला घातला, असे २०१४ साली हायकोर्टाने आणि २०१६ साली अपील कोर्टाने ठरवले. दुरुस्ती व्हायला २०२० साल उजाडले. नऊ वर्षे! आपल्या दिवाणी कोर्टांना आपण नावे ठेवतो, पण विलंब काही आपल्याच मालकीचा नाही.

कोर्टाबाहेर काय चालले होते तेही थोडे सांगतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘टेस्को’ या मोठ्या दुकानाची एक जाहिरात जॉबसेंटरच्या यादीत आली. रात्रपाळीचे काम, कायम स्वरूपाचे, आणि पगाराच्या रकान्यात लिहिलेले : बेकारभत्ता अधिक प्रवासखर्च. दुकानाने सांगितले की ही जॉबसेंटरच्या संगणकातली चूक आहे. असेल. पण ती वाचून लोकांना कळले, की असा रकाना भरता येऊ शकतो. बोंब झाली, दुकानांपुढे निदर्शने झाली. सेन्सबरीज, वॉटरस्टोन्स अशी नावाजलेली दुकाने योजनेपासून दूर झाली. टेस्कोने पगारी कामाचा पर्याय देऊ केला. आणि त्या महिन्याच्या शेवटी सरकारने माघार घेऊन जाहीर केले, की ‘कामाचा अनुभव’ या पहिल्या योजनेतून मध्येच निघून गेले तर भत्ता कापणार नाही. गैरवर्तणूक केली तरच कापू. सक्तीच्या योजना मात्र पुढे चालू राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शिक्षा आणखी कडक झाल्या. वारंवार नियम मोडणाऱ्याचा भत्ता तीन वर्षांपर्यंत बंद करता येऊ लागला. ही तीन वर्षांची मुदत २०१९ साली सहा महिन्यांवर आणली.

एवढे करून फायदा काय झाला? हा प्रश्न भावनेचा नाही, हिशोबाचा आहे. २००८ साली त्या सरकारच्याच खात्याने अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या अशा योजनांचा अभ्यास करून घेतला होता. त्यात निघाले, की भत्त्यासाठी काम करायला लावल्याने नोकरी मिळण्याची शक्यता वाढते याला फारसा पुरावा नाही. तरी योजना आल्या. जून २०१२ मध्ये खात्याने चार आठवड्यांच्या सक्तीच्या योजनेचाच अहवाल काढला. त्यातही, ज्यांना पाठवले आणि ज्यांना पाठवले नाही त्यांच्यात नोकरी लागण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. आणि त्याच महिन्यात सरकारने ती योजना वाढवत असल्याची घोषणा केली. औषध लागू पडत नाही म्हणून डोस दुप्पट! शेवटी २०१६ साली ही सक्तीची योजना आणि तिची नंतरची सहा महिन्यांची बहीण, दोन्ही बंद झाल्या.

याच्या उलट एक उदाहरण आहे, तेही त्याच देशातले. २००९ साली, आधीच्या सरकारच्या काळात, एक निधी काढला होता. त्यातून मुख्यतः अठरा ते चोवीस वयाच्या मुलांना सहा महिन्यांचे खरे काम आणि किमान वेतन मिळत होते. नव्या सरकारने खर्चिक म्हणून तो बंद करायचे ठरवले. नंतर २०१२ साली त्याचा हिशोब मांडला तेव्हा तो समाजाला फायद्याचाच पडला होता असे त्याच खात्याच्या अहवालात निघाले. आणि २०२० साली, करोनाच्या दिवसांत, परत तशीच योजना आणावी लागली. सहा महिने, आठवड्याला पंचवीस तास, किमान वेतन सरकार भरणार. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘सरकारला दुसरे करता काय आले असते’ असे कोणी म्हणू नये.

आता आपल्याकडे. या बिनपगारी योजनेच्या बाजूने विलायतेतले मंत्री काय म्हणत होते? ते म्हणत, हे काम फुकटचे कुठे आहे, त्यांना भत्ता मिळतो की. मंडळी, ही भाषा आपल्या कानांना ओळखीची वाटायला हवी. आपल्या आजोबा-पणजोबांना नेमके हेच सांगितले जात होते. ‘तुम्हाला वतनाची जमीन आहे ना? बलुतं मिळतं ना? मग राबा.’ तुकड्या-तुकड्याने वाटून गेलेली हातभर जमीन आणि खळ्यावरचे उरलेसुरले धान्य, या मोबदल्यात सरकारी अंमलदाराचे सामान वाहायचे, सांगावे न्यायचे, मयताचा निरोप गावोगाव पोचवायचा, रात्री पहारा द्यायचा, मेलेले जनावर ओढायचे. कामाला तास नाही आणि दिवस-रात्र नाही. घरातला कर्ता माणूस आजारी पडला तर बायको किंवा पोरगा हजर पाहिजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले ते याचसाठी. ते तेव्हा पास झाले नाही. आपल्याच लोकांपैकी अनेकांना वतन सुटेल याची भीती वाटत होती, कारण वतन हीच एक हातातली गोष्ट होती. वतने रद्द करण्याचा कायदा मुंबई राज्यात झाला १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर.

आम्ही असे म्हणत नाही, की केट रायली आणि आपले पणजोबा एकच. ते म्हणणे पणजोबांचा अपमान होईल. तिला तिच्या जन्मावरून कोणी फरशी पुसायला लावली नव्हती. दोन आठवड्यांनी ती घरी गेली, कोर्टात उभी राहिली, वर्तमानपत्रांनी तिचे ऐकले. पुढे तिला एका सुपरमार्केटात पगारी काम मिळाले आणि तिने ते आनंदाने केले. त्यावरून दिसते की माल लावण्याच्या कामाला ती नाक मुरडत नव्हती, जसा एका मंत्र्याने आरोप केला होता. पण युक्तिवाद एकच आहे. जगायला अपुरे असे काहीतरी हातावर ठेवायचे, त्याला मोबदला म्हणायचे, आणि तो मोबदला दाखवून माणसाच्या ‘नाही’ म्हणण्याची वाट बंद करायची. युक्तिवाद ओळखता आला पाहिजे, मग तो मराठीतून येवो की इंग्रजीतून.

आपल्या संविधानात कलम २३ आहे. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशा प्रकारचे सक्तीचे काम यांना त्याने बंदी केली. सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकते, पण तेव्हासुद्धा धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेद करता येणार नाही, असेही त्यातच आहे. या कलमाचा अर्थ लागला १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या वेळी. स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधायला आणलेल्या मजुरांना दिवसाला सव्वानऊ रुपये किमान मजुरी द्यायची होती. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीच बेगार. कोणी म्हणेल, मजूर तर आपणहून आले होते, त्यांना कोणी दोरीने बांधून आणले? कोर्ट म्हणाले, भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच असते. दुसरा काही पर्यायच नसलेला माणूस मिळेल त्या पैशावर काम घेतो तेव्हा ते त्याच्या मर्जीने घेतले असे म्हणता येत नाही. १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात कोर्टाने हेच लावले. दुष्काळात मदत म्हणून काम देतो, तेव्हा मजुरी कमी दिली तरी चालेल, असे राज्याला म्हणता येणार नाही.

बघा, मदत म्हणून दिलेले काम. विलायतेच्या कोर्टांनी म्हटले, भत्त्याची अट ही बेगार नव्हे. आपल्या कोर्टाने म्हटले, मदतीचे काम असले तरी मजुरी पुरी द्या. दोन्हीकडचे कायदे वेगळे, भत्त्याची सोय वेगळी, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले असे होत नाही. पण माणसाच्या पोटाकडे बघून निकाल कोणी दिला, असे विचाराल तर आमचे मत एशियाडच्या बाजूला पडते. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडले गेले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो. १९४८ च्या कायद्याचे मूळ तिथे आहे.

आता आपली मुले. आपल्याकडे विलायतेसारखा भत्ता नाही. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यात काम न दिल्यास बेकारभत्ता लिहिला होता, तो दिवसाला निदान एक रुपया! पण भत्ता नसला तरी बिनपगारी काम भरपूर आहे, आणि ते ‘अनुभव’ या नावाने येते. विनाअनुदानित शाळांचे उदाहरण घ्या. या वस्तीतल्या किती मुली बी.एड., डी.एड. होऊन अशा शाळांत वर्षानुवर्षे शिकवत राहिल्या, आज अनुदान येईल, उद्या मान्यता येईल म्हणून? हजेरीपटावर सही रोजची, पगार शून्य. एकीचे लग्न झाले, मूल शाळेत जायला लागले, तरी तिचे अनुदान आले नाही. शाळेचे नाव आम्ही घेत नाही, कारण नाव एका शाळेचे घेतले तर बाकीच्या सुटतील.

दुसरे, कॉम्प्युटर क्लास आणि कसले कसले कोर्स. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे बोर्डावर लिहायचे, फी घ्यायची, आणि मुलाला तीन महिने एखाद्या ऑफिसात बिनपगारी बसवायचे. तीन महिने झाले की त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र आणि त्याच्या खुर्चीवर पुढच्या बॅचचा मुलगा. मालकाला खुर्ची रिकामी ठेवावी लागत नाही आणि पगारही द्यावा लागत नाही. हा खरा धोका आहे, आणि विलायतेतही हाच होता. फुकटचा माणूस आला की पगारी माणसाचा ओव्हरटाइम जातो, मग पाळी जाते, मग जागाच जाते. गिरणीत बदली म्हणून गेटवर उभे राहिलेले आपले वडीलधारे इथे बसले आहेत. बदलीवाल्याला रोज काम मिळेल याची खात्री नव्हती, पण ज्या दिवशी आत घेतले त्या दिवसाचा पगार मिळत होता. त्या काळी त्यालाच आपण शोषण म्हणत होतो.

सरकारी योजनेबद्दल दोन शब्द. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास मुलाला महिन्याला सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, सहा महिन्यांसाठी. पैसे शासन देणार. २०२५ साली आणखी पाच महिने वाढवले. विलायतेच्या त्या योजनांपेक्षा ही बरी, कारण निदान विद्यावेतन आहे आणि गेले नाही म्हणून शिक्षा नाही. आपल्या वस्तीतली मुले गेली, कचेरीतले काम शिकली, हेही खरे. पण अकरा महिने पदवीधराकडून टेबलावरचे रोजचे काम करून घ्यायचे आणि मग ‘तुझे प्रशिक्षण संपले’ म्हणायचे, तर ते टेबल कोणाचे होते? रिकाम्या जागेचे होते. त्या जागेवर भरती झाली असती तर आरक्षण लागले असते, बिंदुनामावली लागली असती, अनुशेष भरला असता. प्रशिक्षणार्थ्याला यातले काही लागत नाही. आपल्या समाजाने हे बारकाईने बघितले पाहिजे. आपली पहिली पिढी झाडूकामापासून क्लार्कच्या खुर्चीपर्यंत आली ती सरकारी नोकरीतल्या राखीव जागांवर, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर नव्हे.

कोणी ज्येष्ठ म्हणतील, पोरांनी घरी मोबाईल बघत बसण्यापेक्षा फुकट का होईना पण काम शिकावे. आम्हाला हे म्हणणे पूर्ण अमान्य नाही. काम शिकायला दिवस लागतात, आणि शिकताना पूर्ण पगार मिळेलच असे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही शिकाऊला विद्यावेतनच आहे, पण ते कायद्याने द्यावेच लागते, आणि काय शिकवायचे, किती दिवस शिकवायचे, हे आधी ठरलेले असते. फरशी पुसायला शिकायला दोन आठवडे लागत नाहीत. आपल्या आयाबायांनी ते कुणाच्या प्रशिक्षणावाचून केले आहे, आणि त्याचे पैसे मोजून घेतले आहेत. चार घरची धुणीभांडी करणारी आपली एखादी मावशी ‘आधी महिनाभर फुकट करून दाखव’ असे ऐकून घेईल का? ती पदर खोचून दुसऱ्या दारी जाईल. मग तिच्या पदवीधर मुलाने का ऐकावे?

तेव्हा मुलांनी कुठेही ‘अनुभवासाठी’ जाण्याआधी काही गोष्टी लेखी मागायच्या. किती दिवस, रोज किती तास, पैसे किती आणि कोण देणार, काय शिकवणार, आणि मुदत संपल्यावर काय. तोंडी सांगितलेले धरायचे नाही. केट रायलीला तोंडी सांगितले तेच खोटे होते. लेखी द्यायला जो तयार होत नाही त्याला नोकर हवा आहे, शिकाऊ नको आहे. आणि काम चालू असेल तर रोजची वेळ आणि काम वहीत लिहून ठेवायचे, तारखेसकट. कामगार आयुक्तांच्या कचेरीत गेलो तर पहिला प्रश्न पुराव्याचा येतो.

अभ्यास मंडळाने यासाठी एक फाईल सुरू केली आहे. ज्यांच्याकडे अशी नेमणुकीची पत्रे, क्लासच्या पावत्या, प्रमाणपत्रे आहेत, किंवा पत्रच दिलेले नाही अशी तक्रार आहे, त्यांनी दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या कचेरीत यावे. मंडळातले दोघे वकिली शिकलेले आहेत, ते कागद वाचून देतील. फी नाही. शाळेत बिनपगारी शिकवणाऱ्या भगिनींनी येताना हजेरीपटाची झेरॉक्स आणावी, मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये, आमच्यासुद्धा.

जयभीम.